'मला वाटलं तुला माहीत आहे' : डी अँड डीच्या टेबलावर नियम वाटून घेताना

सलग चार रविवार आमच्या रोगने गॉब्लिनांना सुरीने नुसतं ओरबाडलं. रोग म्हणजे आजार नव्हे, डंजन्स अँड ड्रॅगन्समधला, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापलं पात्र खेळायच्या कथेच्या खेळातला, चोर. आणि गॉब्लिन म्हणजे त्यातले बुटके राक्षस. खेळत होता माझा मावसभाऊ आणि डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत होतो मी. रोगची खरी ताकद स्नीक अटॅकमध्ये असते आणि तो लपूनच करायचा असतो, अशी माझी ठाम समजूत. नावातच 'स्नीक' आहे म्हटल्यावर पुस्तक कोण उघडतो? पाचव्या रविवारी आमच्यातल्या एकीने चहा गार होईपर्यंत पुस्तक चाळलं आणि सांगितलं, की शत्रूच्या पाच फुटांत आपला एखादा साथीदार उभा असला तरी पुरतं. लपायची गरजच नाही. आमचा फायटर तर दर लढाईत शत्रूच्या नाकाला नाक लावूनच उभा असायचा. मी भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "मी वाचलं होतं ते. पण दादा, मला वाटलं तुला माहीत आहे."

पहिल्या लेव्हलला स्नीक अटॅक म्हणजे सहा बाजूंचा एक फासा जादा, सरासरी साडेतीन. साध्या गॉब्लिनला हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, असतात सात. म्हणजे लागलेल्या प्रत्येक वारामागे अर्धा गॉब्लिन आम्ही चार आठवडे वाया घालवला, आणि नियम टेबलावर बसलेल्या एकाच्या डोक्यात सगळा वेळ होता.

नव्याने खेळायला बसणाऱ्यांसाठी, मग ते खेळाडू असोत की पहिल्यांदा डीएम होणारे, ही पुढची मांडणी त्या चार रविवारांतून आली आहे. उदाहरणं डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीची, तीही 2014 च्या पुस्तकांतली, आहेत, कारण मी तीच खेळतो. तुम्ही दुसरं काही खेळत असाल तर नावं बदला, भांडणं तीच निघतील.

आधी सगळ्यांचं पुस्तक एक आहे का ते बघा

पाचव्या आवृत्तीची नियमपुस्तकं 2014 साली आली आणि 2024 पासून तिचीच सुधारलेली पुस्तकं आली. दोन्हींच्या मुखपृष्ठावर नाव एकच. एका टेबलावर एकाकडे जुनं, दुसऱ्याकडे नवं आणि तिसऱ्याकडे फोनवर कुणीतरी पाठवलेले स्क्रीनशॉट, हे चित्र मी अनेकदा बघितलं आहे. जखम भरण्याचं औषध घ्या. 2014 च्या नियमाने ते पिण्यात तुमची अख्खी ॲक्शन, म्हणजे पाळीतली मुख्य कृती, जाते, म्हणजे त्या पाळीत तलवार चालवता येत नाही. अनेक टेबलांना हे जाचक वाटायचं म्हणून लोकांनी घरचा नियम केला, की बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे जोडीच्या छोट्या कृतीत, पिऊ द्या. 2024 च्या पुस्तकात तोच मूळ नियम झाला. आता तिघे जण तीन गोष्टी सांगतात आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

चौथा येतो तो बाल्डर्स गेट ३ खेळून. 2023 चा हा व्हिडिओ गेम याच नियमांवर बेतलेला आहे आणि त्यामुळे कितीतरी नवी मंडळी टेबलावर आली, हे चांगलंच झालं. पण त्यात कुठल्याही चाचणीत वीस बाजूंच्या फाशावर वीस पडला की काम फत्ते. 2014 च्या पुस्तकात वीसची ही जादू हल्ल्याच्या फाशाला आहे (मरणाच्या दारात टाकायच्या फाशालाही वेगळ्या रीतीने आहे), पण कुलूप उघडायला किंवा राजाला पटवायला नाही. तिथे फासा आणि पात्राचं कौशल्य यांची बेरीजच बघायची. नवा खेळाडू वीस पाडून नाचायला लागतो, डीएम "नाही उघडलं" म्हणतो आणि पोराचा चेहरा पडतो.

हे आपल्याला नवीन नाही. गल्ली क्रिकेटमध्ये दुसऱ्या सोसायटीत खेळायला गेलो की पहिला प्रश्न असायचा, "एक टप्पा आउट आहे का? जोशीकाकूंच्या गॅलरीत गेला तर?" कुणी त्यावर निबंध लिहीत नसे, पण विचारल्याशिवाय बॅट कुणी धरत नसे. डी अँड डीत याला सेशन झीरो म्हणतात. पहिल्या खऱ्या बैठकीआधी सगळ्यांनी बसून तीन गोष्टी मोठ्याने बोलायच्या: पुस्तक कोणतं, घरचे नियम कोणते, आणि वीसचं काय. घरचे नियम डीएमच्या डोक्यात राहू देऊ नका. पाच असोत की पंधरा, कागदावर उतरवा आणि ग्रुपवर फोटो टाका.

कुठलं ज्ञान कुणाचं

जुन्या काळी या प्रश्नाचं उत्तर सरळ होतं: सगळं डीएमचं. या खेळाचं 1979 सालचं डीएमसाठीचं पुस्तक गॅरी गायगॅक्स यांनी लिहिलं. कुणाला किती फाशावर वार लागतो याचे तक्तेसुद्धा त्यांनी त्यात ठेवले. खेळाडूंच्या, वर्षभर आधी आलेल्या पुस्तकात ते नव्हतेच. डीएम नसलेल्या कुणाकडे हे पुस्तक सापडलं तर त्याला सन्मानाच्या मरणालाही लायक समजू नये, अशा अर्थाचा दमही प्रस्तावनेत भरला आहे. अर्धी गंमत, अर्धी खरी भूमिका. खेळाडूने फासा टाकायचा, पडद्याआड तक्ता बघून डीएमने लागलं की नाही सांगायचं. पुढे 1989 च्या आवृत्तीत ते आकडे खेळाडूंच्या पुस्तकात आले आणि आज हिशेब उघड्यावर होतो. पण "नियम डीएमला विचार" ही सवय तेव्हापासून चिकटली आहे.

माझ्या मते ज्ञानाचे तीन ढीग करावेत.

पहिला ढीग सगळ्यांचा. पाळी कशी चालते, वीसचा फासा कधी टाकायचा, ॲडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, डिसॲडव्हान्टेज म्हणजे लहान, शून्य हिट पॉइंटवर काय होतं, शत्रूच्या हाताच्या अंतरातून सरळ निघून गेलं तर तो एक वार करतो. एवढं टेबलावरच्या प्रत्येकाला यायलाच हवं, आणि ते दोन-तीन बैठकांत येतं.

दुसरा ढीग ज्याचा त्याचा. तुमच्या पात्राला जे जमतं ते तुम्हाला ठाऊक हवं. डीएमला तुमचे चोवीस मंत्र पाठ असावेत ही अपेक्षाच चूक आहे. त्याच्या डोक्यात आधीच एक गाव, सहा दरोडेखोर, एक लबाड सावकार आणि पुढच्या दाराआडचा सापळा आहे.

तिसरा ढीग डीएमच्या मुठीतला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती इथे. सावकार कुणाला विकला गेलाय, सापळा कुठे आहे, या राक्षसात काय भरलंय. यात नीट बघितलं तर खेळाचा नियम एकही नाही. ती सगळी कथेतली गुपितं आहेत. नवा डीएम नेमकी इथेच गल्लत करतो. गुपित राखायच्या नादात तो नियमही झाकून ठेवतो आणि खेळाडूंना वाटतं, हा मनाला येईल तसं ठरवतोय.

प्रत्येकाचा एक कागद

दुसऱ्या ढिगासाठी मला एकच उपाय लागू पडलेला दिसला: प्रत्येकाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत, एका पानावर आपलं पात्र उतरवायचं. छापील कॅरेक्टर शीट वेगळी, ती आकड्यांची. हा कागद "मी काय करू शकतो" याचा. लिहिताना जे अडतं तेच आपल्याला कळलेलं नसतं, म्हणून डीएमने तो लिहून देऊ नये. भावाच्या वहीतला कागद, चार रविवार वाया गेल्यानंतरचा, असा होता:

*रोग, लेव्हल १. हल्ला: वीसचा फासा + ५ (डेक्सचे, म्हणजे चपळाईचे, ३, प्रोफिशियन्सीचे, म्हणजे सरावाचे, २). लागला तर सहाचा फासा + ३.*
*स्नीक अटॅक: आणखी सहाचा एक. कधी? मला ॲडव्हान्टेज असेल तर. किंवा शत्रूच्या पाच फुटांत आपला माणूस शुद्धीवर उभा असेल आणि मला डिसॲडव्हान्टेज नसेल तर. एका पाळीत एकदाच. धनुष्यानेही चालतं!! पान ९६.*

ते दुहेरी उद्गारचिन्ह त्याचंच. पान क्रमांक मात्र मी आग्रहाने लिहायला लावला (तो 2014 च्या खेळाडूंच्या पुस्तकातला आहे). वाद झाला की सहा सेकंदांत पुस्तक उघडतं.

मंत्र टाकणाऱ्यांना एक पान पुरत नाही. त्यांनी आज तयार केलेल्या मंत्रांपुरत्या चिठ्ठ्या कराव्यात: पल्ला किती, किती वेळ टिकतो, समोरच्याने कुठला फासा टाकायचा आणि कॉन्सन्ट्रेशन लागतं का. या शेवटच्या शब्दाखाली लाल रेघ मारा. एकाग्रतेवर टिकलेला मंत्र चालू असताना तुम्हाला मार बसला, तर दहा किंवा बसलेल्या माराचा निम्मा, यांतला जो मोठा तेवढ्याचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकावा लागतो. चोवीसचा मार बसला तर बारा, आठचा बसला तरी दहाच. डीएम हे हमखास विसरतो. आठवण करून द्यायची जबाबदारी मंत्र टाकणाऱ्याची, स्वतःचा मंत्र तुटणार असला तरी.

सगळ्यांनी पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही. मूळ नियमांचा मोठा भाग, ज्याला एसआरडी म्हणतात, विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकांनी जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मोकळा केला. चारशेच्या आसपास पानं आहेत, उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. 2024 च्या नियमांचीही तशीच आवृत्ती 2025 मध्ये आली. त्यात सगळं नाही, प्रत्येक वर्गाची (रोग, फायटर वगैरे) एकच उपशाखा आहे, पण सुरुवातीला भरपूर झालं. आणि या परवान्याची आपल्या कामाची गोष्ट म्हणजे श्रेय दिलंत तर त्या मजकुराचं मराठी करून तुम्ही मोकळेपणाने वाटू शकता. ग्रुपवर फिरणाऱ्या चोरट्या पीडीएफची गोष्ट वेगळी, त्याची गरजच उरलेली नाही.

खेळता खेळता शिकवताना

पहिल्या बैठकीत तासभर नियम समजावणारा डीएम मी स्वतः होतो. तासानंतर एकाला पिझ्झाचं मेन्यू कार्ड सोडून काहीच आठवत नव्हतं. नियम समोर येईल तेव्हाच सांगा, पण सांगा मात्र मोठ्याने आणि कारणासकट.

कारण का सांगायचं, ते एका गॉब्लिनमुळे कळलं. त्याने पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, भोसकलं आणि झुडपात पळाला. नवी खेळाडू म्हणाली, "तो माझ्या जवळून पळाला ना? मग मला एक वार मिळतो ना?" तिने पहिल्या ढिगातला नियम अगदी बरोबर लक्षात ठेवला होता. मी घाईत म्हणालो, "नाही मिळत." पुढच्या तीन लढायांत तिने तो वार एकदाही मागितला नाही. समोरून अस्वल पळालं, दरोडेखोर पळाला, ती गप्प. खरी गोष्ट अशी, की गॉब्लिनला बोनस ॲक्शनमध्ये निसटून जायची खास कला असते. अस्वलाला नसते. मी अपवाद सांगितला आणि तो अपवाद आहे हे सांगितलं नाही, म्हणून तिने त्यालाच नियम समजून घेतलं. "एरवी मिळाला असता, पण हा गॉब्लिन आहे, हे निसटण्यात पटाईत" एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि त्यात गुपितही काही फुटलं नसतं. तिने त्याला डोळ्यांदेखत निसटताना बघितलं होतं.

तसंच आकड्यांचं. भिंत चढायला पंधरा लागणार असतील तर मी "पंधरा पाहिजेत" असं आधीच सांगतो. पुस्तकाच्या मापात दहा म्हणजे सोपं, पंधरा मध्यम, वीस अवघड. चार वेळा ऐकलं की नव्या माणसाला आपल्या जोराचा अंदाज यायला लागतो. शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला किती पाहिजेत तो आकडा, मी दोन-तीन वार झाल्यावर उघड करतो. चौदा हुकला आणि सोळा लागला हे सगळ्यांनी बघितल्यावर उरतं काय लपवायला? काही डीएमना हे पटत नाही. रहस्य जातं म्हणतात. माझं टेबल मोठ्या बेरजांनी दमणाऱ्यांचं आहे, मला वेग हवा असतो.

मध्येच अडलं तर

दोन मिनिटं. फोनवर टायमर लावा, खरोखर लावा. पुस्तक डीएमने उघडायचं नाही. ज्याची पाळी सगळ्यात लांब आहे त्याने शोधायचं, तोवर बाकीच्यांचं वर्णन चालू. सापडलं तर वाचून दाखवायचं, नाही सापडलं तर डीएम निर्णय देणार, शक्यतो खेळाडूच्या बाजूने, आणि तो आजच्यापुरता. "आजच्यापुरता" हा शब्द मोठ्याने म्हणा. पुढच्या आठवड्यात खरा नियम वेगळा निघाला तर कुणाचं नाक कापलं जात नाही.

एका ठिकाणी मात्र घड्याळ बंद: एखादं पात्र मरणार असेल तेव्हा. सहा महिने जपलेलं पात्र डीएमला नियम अर्धवट आठवला म्हणून मरावं, हे कुणी विसरत नाही. तेव्हा चहा ठेवा आणि पुस्तक उघडा.

डीएमचं चुकलं तर

सांगा. सांगण्याची रीत असते एवढंच. माझा निर्णय चुकला तेव्हा मला सगळ्यात आवडलेलं वाक्य भावाचंच होतं: "दादा, माझ्या कागदावर वेगळं लिहिलंय. आत्ता बघू की नंतर?" तीन गोष्टी झाल्या. चूक माझ्या कानावर आली, आधार कागदाचा होता, आणि थांबायचं की नाही ते माझ्यावर सोडलं. याउलट दर दोन वाक्यांना "पुस्तकात असं नाहीये" म्हणणारा प्रत्येक टेबलाला एक तरी भेटतो. त्याला नियमांतला वकील म्हणतात. त्याला गप्प बसवू नका, कामाला लावा. शोधाशोध त्याच्याकडे द्या. वकील उपयोगाचा की उपद्रवी हे ओळखायला माझी एकच कसोटी आहे: नियम स्वतःच्या विरुद्ध जात असताना तो तोंड उघडतो का?

डीएमने काय करायचं? "बरोबर आहे, माझं चुकलं" म्हणायचं आणि पुढे जायचं. झालेली पाळी उलटी फिरवायला बसू नका. फारच अन्याय झाला असेल तर पुढच्या फाशाला ॲडव्हान्टेज द्या.

माणसाला माहीत, पात्राला नाही

आता खरी गुंतागुंत. ट्रोल नावाचा राक्षस समोर येतो. जुना खेळाडू ओरडतो, "आग लावा रे, आग!" त्याला ठाऊक आहे, की ट्रोल दर पाळीला दहा हिट पॉइंट भरून काढतो आणि आग किंवा आम्ल लागलं तरच पुढच्या पाळीला ते थांबतं. नव्या दोघांना हे शोधून काढण्याची मजा मिळणार होती, ती गेली.

अनेक डीएम इथे फतवा काढतात: तुझ्या पात्राला हे माहीत नाही, विसर. विसरणं कुणाला जमलंय? मग तो खेळाडू मुद्दाम तीन पाळ्या तलवार चालवून "अरेच्चा, जखमा भरतायत" असं नाटक करतो, आणि ते बघवत नाही. मी उलटं विचारतो: तुझं पात्र कुठलं? आपल्याकडे खेड्यातल्या पोराला नाग, मण्यार, घोणस, फुरसं वेगळं सांगायला कुणी पुस्तक दिलेलं नसतं. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, हे त्याला आजीकडून कळलेलं असतं. ज्या डोंगरात ट्रोल हिंडतात तिथल्या गुराख्याला आगीचं माहीत नसेल? तिथला असशील तर फासा न टाकता माहीत आहे, सांग सगळ्यांना. शहरातला असशील तर बुद्धीची एक चाचणी टाक. समुद्रावरचा खलाशी असशील तर गप्प बस आणि नव्यांना शोधू दे.

जुन्या खेळाडूंना आधीच बाजूला घेऊन सांगितलेलं बरं. आणि डीएमला काहीच उघड करायचं नसेल तर त्याने राक्षस बदलावा, त्याला पूर्ण मुभा आहे. फक्त मग खुणा पेरा. ज्या ट्रोलवर आगीचा परिणाम होत नाही त्याच्या अंगावर कळीच्या चुन्याने भाजल्याचे डाग दाखवा. नुसतं "तुमचं पुस्तक माझ्याकडे चालत नाही" म्हणणं म्हणजे पहिल्या ढिगातलं काहीतरी चोरून मुठीत ठेवणं.

वही

दोनशे पानी, रुळांची, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती. दर बैठकीत एक जण ती सांभाळतो, डीएम सोडून. दोन मिनिटांत न सापडलेलं सगळं तिच्यात जातं, तारखेसकट. आठवड्यात कुणीतरी पुस्तकात बघतं, उत्तर समोर लिहितं, आणि पुढच्या बैठकीला फासे बाहेर निघायच्या आत तेवढं पान वाचलं जातं. पाच मिनिटं लागतात. आमच्या वहीतला गेल्या वेळचा मजकूर असा आहे:

*१. पडलेल्या माणसावर बाण: डिसॲडव्हान्टेज. पाच फुटांच्या आतून तलवारीचा वार असेल तर ॲडव्हान्टेज. (सापडलं.)*
*२. दोन ठिकाणांहून ॲडव्हान्टेज मिळालं तर तीन फासे? नाही. दोनच. (सापडलं. दादा चुकला.)*
*३. औषध बेशुद्ध माणसाला पाजायचं: आपल्याकडे ॲक्शन, स्वतः प्यायचं तर बोनस. (घरचा नियम, सगळ्यांना मान्य.)*
*४. झोपलेल्या गॉब्लिनच्या खिशातून किल्ली काढायला फासा टाकायचाच का? (नाही सापडलं. रविवारी, वडापाव आल्यावर.)*